जादा खाट रद्द कर, मृणाल

मृणाल,

अर्णवचा संघ फेब्रुवारीत क्युबेकच्या पी-वी आइस हॉकी स्पर्धेला निघालाय, हे दादाकडून कळलं. पेढे तुझ्याकडून येणं लागतात. पण त्याच फोनवर दादाने आणखी एक सांगितलं. संघातली बाकीची मुलं तिथल्या लोकांच्या घरी राहणार आहेत आणि तू मात्र अर्णवसाठी तुमच्या हॉटेलच्या खोलीत जादा खाट सांगून ठेवली आहेस. ती खाट आधी रद्द कर आणि मग पुढचं वाच. मुलाला आणि पुढे नातवाला घेऊन मी या स्पर्धेला जाऊन आले आहे. रिंकच्या गार बाकांवर माझी निम्मी हयात गेली, तेव्हा चार गोष्टी सांगायचा हक्क मला आहे असं मी समजते.

स्पर्धेचं नाव तू ऐकून आहेस, तिची रीत तुला ठाऊक नसावी. १९६० साली जेरार बोल्द्युक आणि त्यांच्या सोबत्यांनी ती सुरू केली, अकरा-बारा वर्षांच्या मुलांसाठी आणि क्युबेक शहराच्या हिवाळी कार्निव्हलच्या हंगामात. हल्ली शंभरावर संघ येतात. कॅनडा-अमेरिकेतले असतातच, शिवाय युरोपातले आणि पार जपानपासूनचेही आलेले आहेत. म्हणजे दोन हजारांवर मुलं झाली. एवढ्यांना उतरवायचं कुठे, तर गावातल्या लोकांच्या घरी, एका घरात दोन-तीन मुलं. आपण इकडे बिलेट म्हणतो ना, तेच. तिथे अशी घरं भेटतात जिथे आधी आजीने मुलं ठेवून घेतली, मग तिच्या लेकीने, आता नातसून ठेवते. आडनाव वाचता येत नाही, भाषा कळत नाही, तरी पहाटे साडेपाचला उठून त्या बाया परक्या पोरांना अंडी करून घालतात आणि बर्फ झाडून गाडी बाहेर काढतात. सामने काय, आपल्या ओंटारिओत दर शनिवार-रविवारी ढिगाने असतात. हे घर मात्र अर्णवला दुसरीकडे कुठे मिळायचं नाही.

आमचे आजोबा, म्हणजे तुझे पणजोबा, सांगलीहून पुण्याला शिकायला गेले तेव्हा वार लावून जेवले. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. कोणाकडे आमटी पातळ असायची, कोणाकडे दुसऱ्यांदा भात मागायचा नाही, कुठल्या म्हातारीला ताट लख्ख केलेलं आवडायचं, हे त्यांना सत्तरीत घडाघडा सांगता यायचं. कॉलेजात काय शिकले ते त्यांच्या तोंडून आम्ही कधी ऐकलं नाही. अर्णव तर जेमतेम आठवडाभर राहणार, तेही संघातल्या मित्राबरोबर. तू उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस.

२०२३ सालचा युक्रेनचा संघ तुला आठवत असेल. युद्धामुळे ती मुलं युरोपभर पांगलेली होती, कोणाचे वडील आघाडीवर होते. क्युबेकच्या लोकांनी त्यांना बोलावून घेतलं, आपापल्या घरी ठेवलं. पहिलाच सामना बोस्टनच्या संघाशी होता आणि तो त्यांनी ३-१ असा जिंकला. अख्खं स्टेडियम त्यांच्या बाजूने ओरडत होतं. त्यांच्या आयांनी त्या दिवसांत काय केलं असेल, याचा विचार कर आणि मग त्या जादा खाटेचा कर.

आता जेवणाचं, कारण तुझी खरी काळजी तीच असणार. अर्णवला कोंबडी-मासे चालतात, गाय-डुक्कर नाही, हे फॉर्मवर स्पष्ट लिही. नुसतं ‘शाकाहाराला प्राधान्य’ असलं गुळमुळीत लिहिलंस तर त्याला काही अर्थ नाही. पण फॉर्मवर लिहून भागत नाही, पोराला स्वतःला ओळखता आलं पाहिजे. क्युबेकचं पिवळं वाटाण्याचं सूप दिसायला आपल्या वरणासारखं दिसतं आणि हमखास त्यात डुकराचं खारवलेलं मांस शिजलेलं असतं. सकाळच्या गोड चवळीसारख्या बीन्समध्येही तेच. ‘पाते शिनुआ’ म्हणून एक घरगुती पदार्थ असतो, वर कुस्करलेला बटाटा, मध्ये मका, त्यामुळे पोरं खूश होतात. खालच्या थरात गायीचा खिमा असतो. पुतीनमध्ये बटाट्याच्या फोडी आणि चीज दिसतं, पण वरची तपकिरी ग्रेव्ही बहुतेक ठिकाणी मांसाच्या अर्काची असते. ती वेगळी मागता येते किंवा नको म्हणता येते. चीजचे पांढरे गोळे मात्र त्याला भरपूर खाऊ दे, ताजे असले की दाताखाली कुईंकुईं वाजतात. पॅनकेक, ऑम्लेट, पास्ता, चीज लावून भाजलेला पाव, एवढ्यावर आठवडा आरामात निघतो. ‘झ न मांज पा द बफ’, म्हणजे मी गाय खात नाही, हे वाक्य त्याच्याकडून घोकून घे. आणि चुकून तोंडात गेलंच तर आकांत करायचा नाही, बाजूला ठेवायचं, मेर्सी म्हणायचं आणि पाणी प्यायचं, हेही तूच शांतपणे सांग. तू रडवेली होऊन सांगितलंस तर तो तिथे जाऊन रडेल.

‘सूपे’ म्हणजे रात्रीचं जेवण आणि ते साडेपाच-सहाला असतं. आपल्याकडे त्या वेळी चहा झालेला असतो, त्यामुळे मुलं आठ वाजता भुकेने कासावीस होतात. पिशवीत खाकरे, राजगिऱ्याच्या वड्या दे. शेंगदाण्याची चिक्की आणि दाण्याचे लाडू अजिबात नकोत. त्या घरात कोणाला दाण्याची ॲलर्जी असेल तर नसता अनर्थ व्हायचा.

सामन्याआधी तीन तास पोटभर, मग फक्त केळं आणि पाणी. माझ्या निखिलला मी मेतकूट-तूप-भात डब्यात द्यायचे. संघातली पोरं आधी नाकं मुरडायची, मग चमचे घेऊन यायची. क्युबेकला मात्र तो डबा देऊ नकोस. यजमानीण जे करील ते खायचं, हा एक नियम अर्णवला पाळू दे.

यजमानांच्या दारात बूट काढायचे, हे तिथे सगळेच करतात, त्यामुळे आपल्या पोरांना अवघड जात नाही. पण बर्फाचे बूट ट्रेमध्येच ठेवायचे, लाद्यांवर पाणी होऊ द्यायचं नाही. सकाळी अंथरूण सारखं करायचं. ताट उचलून सिंकपर्यंत न्यायचं. टेबलावर फोन नाही. त्यांना इंग्रजी येत नसेल तर खोलीत जाऊन मित्राशी कुजबुजत बसायचं नाही, तिथेच बसून हातवारे करायचे. घरातल्या लहान मुलाबरोबर तळघरात छोट्या स्टिकने मऊ चेंडू मारत खेळायला लागलं की भाषेची अडचण पाच मिनिटांत सुटते. आणि तू रोज रात्री व्हिडिओ कॉल करू नकोस. एक मेसेज पुरे. त्याला सामन्यात भेटणारच आहेस की.

भेटवस्तूबद्दल दादा म्हणाला, तू मेपल सिरपची बाटली घेतली आहेस. अगं, जगातलं बहुतेक मेपल सिरप त्या प्रांतात तयार होतं. काशीला गंगाजल नेण्यातला प्रकार. सोलापुरी चादर ने. घडी करून बॅगेत बसते, त्यांच्या सोफ्यावर शोभते, धुतली तरी रंग टिकतो. माझ्याकडे दोन नव्या पडून आहेत, निळी तुला देते. सोबत संघाचा फोटो, मागे दोन्ही मुलांच्या सह्या. बस.

आता सामानाकडे ये. हॉकीच्या बॅगेचा वास तुला माहीत आहे, पण तो तुझ्या गॅरेजमध्ये. लोकांच्या घरात ती बॅग उघडायची म्हणजे तिचं तंत्र पोराला आलं पाहिजे, आणि हे तू निघण्याआधी महिनाभर घरी करून घे. सामन्याहून आलं की यजमानांना पहिला प्रश्न, सामान कुठे वाळत घालू? ते बहुधा तळघरात, कपडे धुण्याच्या मशीनजवळ जागा दाखवतात. बॅग पूर्ण रिकामी करायची, अर्धी नाही. हातमोजे तोंड वर करून, बोटं मोकळी करून ठेवायचे. नडग्यांची आणि कोपरांची पॅडं उलटी. स्केट्सच्या नाड्या सैल करून जीभ पुढे ओढायची, आतली तळपट्टी काढून वेगळी ठेवायची. स्केट्स हीटरला चिकटवून ठेवायचे नाहीत, बुटाचा आकार बिघडतो आणि डिंक सुटतो. पातं जुन्या टॉवेलने कोरडं पुसायचं, स्टीलचा भाग आणि पांढऱ्या प्लॅस्टिकचा भाग जिथे मिळतात तिथे पाणी राहतं, गंज तिथूनच धरतो. पुसल्यावर कापडी खोळ चढवायची. प्लॅस्टिकची कडक खोळ फक्त चालण्यापुरती, ती घालून बॅगेत टाकलं की आत ओल राहते. आतले कपडे यजमानीण धुऊन देते म्हणाली तर देऊ दे, पण विचारल्याशिवाय तिच्या मशीनमध्ये टाकायचे नाहीत.

स्केट्सना धार निघायच्या दोन दिवस आधी लाव, म्हणजे एका सरावात तिला सरावता येतं. सामन्याच्या सकाळी नव्या दुकानात जाऊन धार लावायचा मोह काही बापांना होतो. नेहमीचा माणूस अर्ध्या इंचाची खोबण काढत असेल आणि तिथल्याने वेगळी काढली, तर पोराला वळताना एक तर पकड जास्त वाटते नाही तर घसरायला होतं आणि मग सगळा दिवस ते बिचारं पायांकडे बघत खेळतं. अर्णवची खोबण किती आहे ते कागदावर लिहून बॅगेत ठेव. सोबत दुसरी स्टिक, नाड्यांची जादा जोडी, टेप, हेल्मेटच्या स्क्रूंसाठी छोटा पेचकस. गळ्याचं पॅड दोन ने. ते नेमकं ड्रेसिंगरूममध्ये राहतं आणि त्याशिवाय बर्फावर उतरू देत नाहीत. स्केट्समध्ये मोजे पातळ हवेत. जाड लोकरीचे घातले की पाय उलट गार पडतात, कारण बूट आवळला जाऊन रक्त खेळत नाही.

या वयात अंगावर धडक द्यायला परवानगी नाही, २०१३ पासून देशभर पी-वीमध्ये ते बंद आहे. तरी घसरून फळ्यांवर आदळतातच. डोक्याला लागलं, चक्कर आली, प्रकाश सहन होईना, तर त्या दिवसाचा खेळ संपला. ‘थोडंसंच लागलंय, उपांत्य सामना आहे’ हे मी चांगल्या शिकल्यासवरलेल्या बापांच्या तोंडून ऐकलंय. तुझ्या नवऱ्याला, समीरला, आधीच सांगून ठेव.

समीरचाच विषय निघाला म्हणून लिहिते. दादा म्हणतो, जावई हल्ली प्रत्येक सामन्यानंतर गाडीत चित्रफीत लावून चुका दाखवतात. ते थांबव. गाडीत मुलाला भूक लागलेली असते, त्याला हरलेलं माहीत असतं आणि चूक कुणाची तेही त्याला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं. तो बोलला तर ऐका, नाही तर गाणी लावा. कोचशी भांडायचं असेल तर चोवीस तास थांबायचं, हा नियम इथल्या बहुतेक क्लबांत आहे आणि फार शहाणा नियम आहे. चोवीस तासांनी भांडण उरत नाही, उरलंच तर ते खरं असतं. अर्णवला तिसऱ्या फळीत खेळवतात, म्हणून समीर नाराज आहे ना? त्याला सांग, अर्णव नोव्हेंबरचा आहे. कॅनडात वयोगट ३१ डिसेंबरला कापतात. म्हणजे जानेवारीत जन्मलेला पोरगा त्याच्याहून दहा महिन्यांनी मोठा, या वयात ते अंतर उंचीत दिसतं. रॉजर बार्न्सली नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९८०च्या दशकात हे आकड्यांनी दाखवून दिलं, की वरच्या हॉकी संघांत वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेल्यांची गर्दी असते. मोठी दिसतात म्हणून निवडली जातात, निवडली जातात म्हणून जास्त बर्फ आणि चांगले कोच मिळतात. तुझा मुलगा नोव्हेंबरचा असून या संघात आहे, यात काय ते समजा आणि त्याच्या शिफ्टचे सेकंद मोजू नका.

स्काउट, एजंट असली माणसं दिसली तर त्यांच्याकडे पाहू नका. वेन ग्रेट्झ्की १९७४ साली ब्रँटफर्डच्या संघातून याच स्पर्धेत खेळला. एका सामन्यात त्यांनी टेक्सासच्या रिचर्डसन संघाला २५-० हरवलं, सात गोल त्याचे एकट्याचे. लोक त्याला बघायला लोटले होते. पण स्पर्धा काही त्याच्या संघाने जिंकली नाही, हे समीरसारखे लोक विसरतात. मला तर त्या सामन्यात ग्रेट्झ्कीपेक्षा टेक्सासच्या गोलीचं कुतूहल वाटतं. त्या पोराला रात्री यजमानांनी काय खाऊ घातलं असेल?

तुमच्या संघात गोली मुलगी आहे असं ऐकलं. तिला सांग, मानों रेओम १९८४ साली याच स्पर्धेत खेळणारी पहिली मुलगी होती, तीही गोली, आणि १९९२ साली टॅम्पा बेकडून एनएचएलच्या सराव-सामन्यात उभी राहिली. तिच्या घरचे लोक राहण्याच्या घराबद्दल नीट चौकशी करतील, करू देत; मुलीसाठी वेगळी खोली आणि वेगळी ड्रेसिंगरूम मागणं यात लाजण्यासारखं काही नाही.

पिनांचं एक राहिलं. प्रत्येक संघ आपल्या नावाच्या पिना घेऊन येतो आणि मुलं अदलाबदल करत जिन्यांवर, रांगांमध्ये, संडासाच्या बाहेरसुद्धा उभी असतात. अर्णवला शंभरेक तरी दे. एका गळपट्टीवर लावल्या की समोरच्याला दिसतात. त्याला एवढंच सांग, पहिल्या दिवशी सगळ्या संपवू नकोस, कारण लांबचे संघ उशिरा येतात आणि त्यांच्याच पिना सुंदर असतात. आणि मोठ्यांनी मध्ये पडायचं नाही. एक गृहस्थ चमकणाऱ्या मोठ्या पिनेसाठी परक्या पोराशी घासाघीस करताना पाहिलेत मी, टाय लावलेले. पोरगा भलताच खमक्या निघाला, त्याने चार मागितल्या.

तुझ्या सासूबाई पुण्याहून येणार आहेत आणि त्यांनाही क्युबेकला यायचंय, उत्तम. त्यांना हॉकी म्हणजे ध्यानचंद एवढंच माहीत असणार, म्हणून पहिल्या सामन्याआधी दोन गोष्टी समजावून दे. निळ्या रेषेच्या आत पक जायच्या आधी आपला खेळाडू गेला की ऑफसाइड, आणि आपल्या अर्ध्यातून पक पार पलीकडे टोलवला की आइसिंग. शिट्टी का वाजली हे दर वेळी विचारणारं माणूस शेजारी बसलं की सामना बघता येत नाही. खेळाडू चाळीस-पन्नास सेकंदांनी बाहेर येतात ते दमल्यामुळे, कोच रागावल्यामुळे नाही, हेही सांग, नाही तर त्या अर्णवला बाहेर काढला म्हणून कोचला शिव्या घालतील. मोठ्या विदेओत्रॉन सेंटरमध्ये बसायला खुर्च्या आहेत, पण सगळे सामने तिथेच होत नाहीत. लहान रिंकवर थंडी खालून वर चढते. बसायला जाड उशी, साडीच्या आत थर्मल, पायात खरे बर्फाचे बूट. पुण्याहून आणलेल्या स्पोर्ट शूजवर त्यांना बाहेर काढू नकोस. बाहेर उणे वीस असलं की बोटांचे हातमोजे कामाचे नाहीत, चारही बोटं एकत्र राहणारे हवेत. दमल्या की त्यांना दुफरँ टेरेसवर नेऊन गरम मेपलचा पाक बर्फावर ओतून काडीला गुंडाळून देतात तो खायला घाल. काकवी लहानपणी खाल्लेल्या माणसाला तो लगेच पटतो. कार्निव्हलचा तो लाल टोपीचा पांढरा बोनोम दिसला तर फोटो काढा. बाकी पर्यटन सामने संपल्यावर.

गाडीने जाणार असाल तर टोरांटोहून आठशे किलोमीटर धर, हवा बरी असेल तर आठ-नऊ तास. नसेल तर किंग्स्टनला मुक्काम करा, हट्टाने पुढे जाऊ नका. हिवाळी टायर हवेतच, काचेचं पाणी उणे चाळीसचं घ्या. माँट्रियालच्या बेटावर लाल दिव्याला उजवीकडे वळायला मनाई आहे, समीर हमखास वळेल. क्युबेक शहरात रस्त्याच्या कडेला खांबांवर केशरी दिवे असतात. ते लुकलुकायला लागले की त्या रात्री बर्फ काढणारी गाडी येणार, तिथे गाडी ठेवायची नाही. ठेवलीत तर सकाळी गाडी दुसऱ्याच गल्लीत सापडते, वर दंड. आणि आरोग्य कार्डाचं लक्षात ठेव: ओंटारिओचं कार्ड क्युबेकच्या रुग्णालयात चालतं, पण तिथले डॉक्टर बऱ्याचदा स्वतःची फी रोख मागतात, मग पावती घेऊन इकडे येऊन परत मिळवावी लागते. क्रेडिट कार्डावर जागा ठेव, पावती फाडू नकोस. यजमानांकडे कार्डाची प्रत आणि औषधांना संमतीचं पत्र देऊन ठेव.

एक गोष्ट तू विचारणार नाहीस, म्हणून मीच लिहिते. रिंकवर कोणी रंगावरून, नावावरून काही बोललं तर? आमच्या वेळी हे निमूट गिळायचं. आता हॉकी कॅनडाच्या नियमपुस्तकात त्यासाठी वेगळं कलम आहे, बोलणाऱ्याला बाहेर काढतात. अर्णवला सांग, उलट बोलायचं नाही, स्टिक उगारायची नाही, सरळ पंचाकडे किंवा कोचकडे जायचं आणि जे शब्द ऐकले ते तसेच्या तसे सांगायचे. शब्द सांगायची लाज वाटते मुलांना, म्हणून हे आधी घरी बोलून ठेवावं लागतं. मॅनी मल्होत्रा आपल्या मिसिसागाचाच, वडील पंजाबी आणि आई क्युबेककडची फ्रेंच. एनएचएलमध्ये त्याने हजाराच्या घरात सामने खेळले. अर्णवला ते नाव माहीत असू दे.

परतल्यावर आठवड्याच्या आत यजमानांना पत्र गेलं पाहिजे, अर्णवच्या हाताने लिहिलेलं, फ्रेंच मोडकं चालेल. मेसेजने भागवायचं नाही. दिवाळीत एक खोका पाठव, त्यात बेसनाचे लाडू आणि बिनतिखटाच्या शंकरपाळ्या. चकल्या वाटेत मोडतात. आणि त्यांच्या घरातलं कोणी खेळत असेल तर कधी ना कधी टोरांटोकडे स्पर्धेला येईलच. तेव्हा ते तुझ्याकडे उतरतील, न विचारता, आणि तसंच उतरलं पाहिजे. बेसमेंटमधला तो सोफा-कम-बेड उघडत नाही म्हणून तू तीन वर्षं ओरडते आहेस. समीरला सांग, गाडीतल्या चित्रफितीऐवजी त्याच्या स्प्रिंगकडे बघ.

तुझी,
आत्या